पाच नंबर वॉर्डाची हजेरी

“मॅडम, ह्या व्यायामानं मामा येतो का?”

दोन्ही हात डोक्यावर नेऊन मी ‘श्वास आत’ म्हणत होते, तेवढ्यात मागच्या रांगेतून प्रश्न आला. दवाखान्याच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, वीसेक नर्सेस माझ्यासमोर उभ्या होत्या. सगळ्या एकदम हसल्या. मला विनोद कळला नाही.

“मामा म्हणजे वॉर्डबॉय,” पहिल्या रांगेतून मेट्रन थोरातबाईंनी मला सांगितलं आणि मागे वळून डोळे वटारले. “साळवे, तोंड बंद ठेव आणि हात वर कर.”

“केलेत की बाई. आपलं विचारून ठेवलं.”

विचारणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या होत्या. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला. रिबिका साळवे, पाच नंबर वॉर्डाच्या सिस्टर. त्या दिवशी त्यांनी सगळे प्रकार केले आणि निम्म्या जणींपेक्षा नीट केले. जिना उतरताना मात्र माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “छान वाटलं हो, अंग मोकळं झालं. पण उद्यापासून मी येणार नाही. राग मानू नका.”

“का?”

“कधी या पाच नंबरला. मग सांगते.”

ही गोष्ट नगरची, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. एका ट्रस्टच्या दीडशे खाटांच्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले होते. वय चोवीस, पहिलीच नोकरी. तळमजल्यावर एक खोली, दोन टेबलं, ट्रॅक्शनचं एक यंत्र आणि भिंतीवर मणक्यांचं चित्र. दुपारी ओपीडी संपली की नर्सेस यायच्या. कुणाची कंबर, कुणाचा खांदा, कुणाची मान. पहिल्या सहा महिन्यांत साठांतल्या एकवीस जणी येऊन गेल्या. मी शेक द्यायचे, पट्टा लिहून द्यायचे आणि पुस्तकातलं वाक्य म्हणायचे, “वजन उचलू नका.” त्या मान डोलवायच्या आणि परत वॉर्डात जायच्या.

मला वाटलं, यावर काहीतरी केलं पाहिजे. हे मी अगदी मनापासून म्हणते. त्यात तेव्हा कसलाही डाव नव्हता. मी चार रात्री बसून एक योजना लिहिली. रोज पंधरा मिनिटं व्यायाम, पाळी बदलताना, सव्वादोन ते अडीच. सकाळपाळीच्या नर्सेस अडीचपर्यंत वॉर्ड सांभाळतील, तोवर दुपारपाळीच्या नर्सेस गच्चीवर व्यायाम करून खाली येतील. सोळा आठवडे. आधी आणि नंतर दुखणं मोजायचं आणि फरक काढायचा. कागदावर ते इतकं सुबक दिसत होतं की मी स्वतःवरच खूश झाले.

दवाखान्याचे प्रशासक निसळ साहेब माझ्याहून जास्त खूश झाले. साहेबांचा आवाज कधी चढत नसे. समोरच्याला ते नेहमी ‘बेटा’ म्हणत.

“उत्तम आहे बेटा. पाच महिन्यांनी मानांकनाची समिती येतेय. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी काय केलं, असं एक अख्खं पान भरायचंय मला. तुम्ही देवासारख्या आलात. आणि हे पुण्याच्या परिषदेत वाचा. नाव होईल तुमचं, दवाखान्याचंही.”

“सर, शेवटच्या पानावर काही सूचना आहेत. पाच नंबर आणि ऑर्थोच्या वॉर्डात दोन-दोन मामा हवेत. वरखाली होणाऱ्या खाटा, पेशंट सरकवायच्या सरकत्या चादरी…”

त्यांनी ते पान हळूच वेगळं काढलं. कागद न फाटता पिन कशी काढावी, हे त्यांना चांगलं जमत असे.

“हे दुसऱ्या टप्प्यात घेऊ. आधी जे फुकटात होतं ते करून दाखवू, म्हणजे ट्रस्टींसमोर तोंड उघडायला जागा होते. बरोबर ना?”

मला ते बरोबर वाटलं. अभ्यासात अडथळा नको म्हणून थोरातबाईंनी चार महिने नर्सेसच्या पाळ्यासुद्धा बदलायच्या नाहीत असं ठरवलं.

दुसऱ्या आठवड्यात मी पाच नंबरला गेले. तो पुरुषांचा मेडिकल वॉर्ड. बत्तीस खाटा. दुपारी दोन वाजता जेवणं झालेली, नातेवाइकांना बाहेर काढलेलं, सकाळच्या दोघी सिस्टर पर्स खांद्याला लावून निघालेल्या. माझ्या योजनेप्रमाणे त्यांनी अडीचपर्यंत थांबायचं होतं. पण एकीची बस दोन दहाची होती आणि दुसरीचं पोर शाळेच्या फाटकाशी उभं असायचं. बाकीच्या वॉर्डांत पाळीला चार-पाच जणी असत, त्यामुळे कुणी ना कुणी मागे राही. इथे दोघीच. साळवे सिस्टर आणि त्यांच्या हाताखाली नवीन लागलेली प्रमिला ढगे, बावीस-तेवीस वर्षांची.

“आलात? बरं झालं,” साळवे सिस्टर म्हणाल्या. “प्रमिला इंजेक्शन भरतेय. जरा हात लावता का?”

खिडकीजवळच्या खाटेवर बोठे गुरुजी होते. अर्धांगाचा झटका आलेला, डावी बाजू गेलेली, वाचा गेलेली. ब्याण्णव किलोंचा माणूस.

“गुरुजी, आता उजव्या कुशीवर व्हायचं. ह्या आपल्या व्यायामाच्या मॅडम. आज त्या मदतीला आहेत.”

गुरुजींनी उजवा हात किंचित उचलून नमस्कारासारखं काहीतरी केलं.

मी चादरीची एक बाजू धरली. कॉलेजात शिकवलेलं होतं: गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, वजन अंगाजवळ घ्या. पण खाट माझ्या मांड्यांच्याही खाली होती, आणि गुडघे वाकवले तर ते लोखंडी कडेला लागत होते. वजन अंगाजवळ घ्यायचं तर खाटेवर चढायला हवं होतं. शेवटी इतर सगळ्या जशा वाकतात तशीच मीही वाकले.

“एक, दोन, तीन.”

माझ्या कमरेतून कळ सणकून मांडीत उतरली. गुरुजी वितभर हलले. साळवे सिस्टरांनी त्यांच्या पाठीमागे उशी सरकवली, खालची ओली चादर ओढून काढली, पाठीला पावडर लावली आणि सरळ झाल्या. सरळ होताना त्यांनी एक हात खाटेच्या दांड्यावर टेकवला. तेवढ्यावरून मला कळलं, यांचं कमरेचं दुखणं आजचं नाही, जुनं आहे.

“असे सात पेशंट आहेत,” त्या म्हणाल्या. “दर दोन तासांनी कूस बदलायची. नाही बदलली तर पाठीला जखमा होतात. मामा एक आहे, तो तीन वॉर्डांना मिळून. आत्ता तो ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत असेल कुठंतरी.”

“म्हणून तुम्ही येत नाही.”

“दोघी गेलो तर वॉर्डात कोण? म्हणून मी प्रमिलाला पाठवते. तिची पाठ अजून कोरी आहे, तिला उपयोग होईल.” मग माझा चेहरा बघून त्या हसल्या. “वाईट वाटून घेऊ नका. तुमचं शिकवणं चांगलंच आहे. पण बैलाला खुराक वाढवला म्हणजे गाडीत कितीही भरावं का, एवढंच माझं म्हणणं. तुम्ही शिकलेल्या आहात, साहेब तुमचं ऐकतात. तेवढं लिहा.”

“लिहिलंय सिस्टर. दुसऱ्या टप्प्यात आहे.”

“बरं,” त्या म्हणाल्या. सतरा वर्षांच्या नोकरीत असले बरेच टप्पे त्यांनी पाहिले असावेत. त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

त्यानंतर मी अधूनमधून पाच नंबरला जाऊ लागले. साळवे सिस्टर मला आवडू लागल्या. डब्यातली अळूची वडी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवत. त्यांचे यजमान शांतवन पूर्वी छापखान्यात होते, आता घरीच असत. एक मुलगी बारावीला. “हिला नर्स करणार नाही,” त्या म्हणत. “तशी नोकरी वाईट नाही. पण आमच्या घराण्यानं एक पाठ दिली, तेवढी पुरे.”

हजेरीचं प्रकरण असं सुरू झालं. निसळ साहेबांना दर शनिवारी आकडा लागायचा. ऐंशी टक्क्यांच्या खाली गेला की ते बोलवून घ्यायचे. मला परिषदेसाठीही ऐंशी टक्के हवेच होते. त्याखाली माझ्या अभ्यासाला कुणी विचारलं नसतं. एके शनिवारी आकडा अठ्ठ्याहत्तरवर अडकला. मी रजिस्टर उघडलं. साळवे सिस्टरांच्या नावापुढे गैरहजेरीची लांब रांग होती. मनात म्हटलं, ही बाई दिवसभर जे करते त्यापुढे माझी पंधरा मिनिटं काय चीज आहे? तिला गैरहजर लिहिणं हाच खोटेपणा. आणि मी त्या आठवड्याचे सगळे ‘ए’ खोडून ‘पी’ केले. मागच्याही आठवड्यांचे केले. पुढे रोज त्यांच्या नावापुढे सरळ ‘पी’च लिहू लागले.

मी हे त्यांच्यावरच्या मायेपोटी केलं की आकड्यासाठी? दोन्हींसाठी केलं. त्या वेळी मला दोन्ही एकच वाटत होतं.

प्रमिलाने त्यांना सांगितलं असावं. एक दिवस मला जिन्यात गाठून म्हणाल्या, “मी नसते तरी माझं नाव लागतं म्हणे.”

मी गोरीमोरी झाले. “सिस्टर, ते… टक्के कमी पडत होते.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या दंडावर थोपटलं.

“असू द्या. पोरवयात आहात, तुमचं पुढं व्हायचंय. कुणी विचारलं तर सांगीन, येते म्हणून.”

चौदाव्या आठवड्यातला मंगळवार. गच्चीवर ऊन होतं. आम्ही ‘मांजराचा व्यायाम’ करत होतो, गुडघ्या-हातांवर येऊन पाठ वर, पाठ खाली. प्रमिला माझ्या अगदी समोर होती. तिला तो प्रकार सुरेख यायचा, म्हणून मी तिलाच पुढे घ्यायचे.

जिन्यातून पाच नंबरच्या मावशींची हाक आली. “प्रमिला! अगं ए प्रमिला! साळवे सिस्टर पडल्या!”

प्रमिला अनवाणीच धावली. मी तिच्या मागे.

साळवे सिस्टर पडल्या नव्हत्या. म्हणजे जमिनीवर आडव्या झाल्या नव्हत्या. बोठे गुरुजी खाटेवरून खाली घसरत होते आणि त्या एकट्या त्यांच्याखाली गुडघ्यांवर होत्या. गुरुजींची पाठ त्यांच्या खांद्यावर आणि छातीवर, दोन्ही हात त्यांच्या काखेतून पुढे गुंफलेले. किती वेळ तशा होत्या कोण जाणे. चेहरा पांढराफटक झाला होता. आम्ही तिघी-चौघींनी मिळून गुरुजींना वर घेतलं. साळवे सिस्टरांचे हात मात्र तसेच गुंफलेले राहिले, त्यांना ते सोडवता येईनात.

“डोकं आपटलं असतं त्यांचं,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “मला पाय जाणवत नाहीये. डावा.”

गुरुजींना साधं खरचटलंही नव्हतं.

तपासणीत दिसलं, चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नस दाबली गेली होती. पायाचा पंजा लुळा पडला होता. ऑपरेशन करावं लागेल, नंतरही पूर्वीसारखं होईल याची खात्री नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. साळवे सिस्टरांनी अर्ज केला: ही दुखापत कामावर असताना झाली अशी नोंद करावी, उपचारांची जबाबदारी दवाखान्याने घ्यावी, आणि बरं वाटल्यावर मला बसून करायचं काम द्यावं. लसीकरणाच्या खोलीत जागा रिकामी होती. सतरा वर्षं काम केलेल्या बाईने यापेक्षा जास्त काही मागितलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी निसळ साहेबांनी मला बोलावलं. माझं रजिस्टर घेऊन यायला सांगितलं. त्यांनी पानं उलटली. साळवे सिस्टरांच्या ओळीवर बोट थांबलं.

“ही रोज येत होती?”

मी खुर्चीत सरकून बसले.

“बेटा, तुमचं हित पाहूनच विचारतोय मी. इथं लिहिलंय की बाई चौदा आठवडे नियमित व्यायाम करत होती. आणि तिचीच गादी सरकली. मग पुण्यात तुम्ही काय सांगणार? व्यायामानं काही होत नाही? समितीला मी काय सांगू?” त्यांनी रजिस्टर मिटलं. “खरं काय ते सांगा. येत होती?”

“नाही सर.”

“मला तसं थोरातबाई बोलल्याच होत्या. मग हे ‘पी’ कुणी लिहिले, हे मी विचारत नाही. कोवळ्या वयात होतात चुका. फक्त दुरुस्त करा. ह्या वहीत खाडाखोडही फार दिसते. नवीन वही घ्या आणि स्वच्छ उतरवून काढा. खोटं काही लिहायला मी सांगत नाही. जे खरं आहे तेच लिहा.”

“सर, पण त्या येत नव्हत्या कारण वॉर्डात…”

“तो वेगळा विषय आहे. रजिस्टरात कारणांचा रकाना नसतो.”

त्या दिवशी माझ्या खोलीचं दार आतून लावून मी चौदा आठवडे उतरवून काढले. शाई एकसारखी दिसू नये म्हणून तीन पेनं वापरली. हे मला कुणी सुचवलं नव्हतं, माझं मलाच सुचलं. साळवे सिस्टरांच्या ओळीत पहिल्या दिवसाचा एक ‘पी’ आणि पुढे सगळे ‘ए’. एकही अक्षर खोटं नव्हतं. जुनी वही मी घरी नेऊन बंबात घातली.

शुक्रवारी चौकशी झाली. निसळ साहेब, थोरातबाई, ट्रस्टचे एक विश्वस्त आणि कोपऱ्यात खुर्चीवर, मांडीवर नवी वही घेऊन, मी. साळवे सिस्टरांना चाकाच्या खुर्चीवरून आणलं. कमरेला पट्टा, अंगावर घरची साडी. मला पाहून त्यांचा चेहरा सैल झाला. आपलं माणूस आहे, असं त्यांना वाटलं असणार.

विश्वस्तांनी विचारलं, “बाई, पेशंट एकटीनं उचलू नये असा नियम आहे. माहीत होतं?”

“हो साहेब. उचलायला नव्हते गेले. ते घसरत होते, धरलं.”

“दुसरी नर्स कुठं होती?”

साळवे सिस्टरांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, “कामात होती.”

तेवढ्यात निसळ साहेब मऊ आवाजात मध्ये बोलले. “ते राहू द्या. साळवे, दवाखान्यानं तुमच्या पाठीसाठी एवढा व्यायामाचा वर्ग सुरू केला. तुम्ही त्याला येत होता का?”

मी वहीच्या पुठ्ठ्याकडे बघत होते.

“हो साहेब,” साळवे सिस्टर म्हणाल्या. “येत होते.”

“नियमित?”

“हो. रजिस्टर बघा ना. मॅडमकडे आहे.”

साहेबांनी हात पुढे केला. मी उठून वही दिली. त्यांनी ती विश्वस्तांपुढे उघडून ठेवली आणि ओळीवरून बोट फिरवलं. मग वही फिरवून चाकाच्या खुर्चीकडे केली.

साळवे सिस्टरांनी चष्मा नव्हता लावला. पुढे वाकता येत नव्हतं, म्हणून थोरातबाईंनी वही त्यांच्या डोळ्यांजवळ धरली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. नंतर माझ्याकडे बघतील असं वाटलं. त्यांनी बघितलं नाही.

“काय म्हणता?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही.”

त्या पानावर आणखी एक ओळ होती. मंगळवारच्या रकान्यात प्रमिला ढगेच्या नावापुढे ‘पी’. टेबलावरच्या अपघाताच्या अर्जावर थोरातबाईंच्या अक्षरात वेळ लिहिलेली होती: दोन वाजून पंचवीस मिनिटं. दोन्ही कागद शेजारी-शेजारी पडले होते. ज्या वेळी साळवे सिस्टर ब्याण्णव किलोंखाली गुडघ्यांवर होत्या, त्या वेळी वॉर्डातली दुसरी नर्स गच्चीवर माझ्यासमोर मांजरासारखी पाठ वर-खाली करत होती, पाठ दुखू नये म्हणून. माझ्या वर्गासाठीच तो वॉर्ड रोज पंधरा मिनिटं एका बाईवर सोडलेला होता. चौदा आठवडे. हे मला तिथेच, त्या खुर्चीत बसल्या बसल्या पहिल्यांदा लख्ख दिसलं. कुणाचं बोट त्या ओळीवर गेलं नाही. तोंड उघडायला मला एक वाक्य पुरलं असतं.

“मॅडम, तुम्हाला काही सांगायचंय?” विश्वस्तांनी विचारलं. सभ्य माणूस होता, त्यांनी खरंच विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

निर्णय आठवड्याभरात आला. कर्मचारी उपलब्ध करून दिलेल्या व्यायाम कार्यक्रमाला सातत्याने गैरहजर राहिली. दुखापत जुन्या दुखण्याची आणि स्वतःच्या हलगर्जीपणाची. शिवाय चौकशीत खोटी माहिती दिली, त्यामुळे विश्वासाचा भंग. लसीकरणाच्या खोलीचा अर्ज नामंजूर. महिन्याभरात त्यांना कामास अपात्र ठरवून मोकळं केलं. मानांकन मिळालं. त्या दिवशी पेढे वाटले.

पुण्याच्या परिषदेत माझ्या निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. एक तक्ता सगळ्यांना फार आवडला: नियमित येणाऱ्या नर्सेसमध्ये गंभीर दुखापती शून्य, गैरहजर राहणाऱ्यांमध्ये एक. कुणी टाळ्या वाजवायच्या आत एका वयस्कर बाईंनी विचारलं, “ती एक कोण होती? तिच्या वॉर्डात पेशंट किती होते?” मी म्हटलं, त्या मुद्द्याचा समावेश अभ्यासात नव्हता. त्यांनी मान हलवली आणि खाली बसल्या. त्या बक्षिसावर मला पुण्याच्या कॉलेजात नोकरी लागली. आजही मी तिथेच शिकवते.

नगर सोडण्याआधी मी साळवे सिस्टरांच्या घरी गेले. ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. मिशनच्या चाळीतल्या दोन खोल्या. शांतवनभाऊंनी दार उघडलं, मला ओळखलं आणि फार अगत्याने आत घेतलं. “बसा मॅडम, चहा टाकतो,” म्हणून आत गेले. साळवे सिस्टर लाकडी फळीवर पातळ गादी टाकून झोपल्या होत्या. डावा पाय पांघरुणाबाहेर होता, पंजा खाली पडलेला.

मी वाक्य घोकून गेले होते. “सिस्टर, ते रजिस्टर मी…”

“हळू बोला,” त्या म्हणाल्या. “ह्यांना आत ऐकू जातं.”

मी फळीजवळ सरकले.

“खरं तेच लिहिलंत ना?” त्या म्हणाल्या. “मी कुठं येत होते? खरं लिहिलंत. त्याबद्दल माझं काही नाही.”

“सिस्टर…”

“फक्त मला एक दिवस आधी सांगायचंत. प्रमिलाकडून नुसता निरोप धाडला असता तरी चाललं असतं. वही बदलली, एवढंच. मग मीही खरं बोलले असते. नाही येत म्हणाले असते, का येत नाही ते सांगितलं असतं. प्रमिला कुठं होती तेही सांगितलं असतं. तोंडावर आलं होतं माझ्या. पण तुमची नोकरी जाईल म्हणून गिळलं.” त्यांनी छताकडे पाहिलं. “सतरा वर्षांत साहेबासमोर एकदा खोटं बोलले. तुमच्यापायी बोलले. आणि तेवढंच धरलं त्यांनी.”

मला रडायला येईना. तिथे रडायचा मला हक्क नव्हता, एवढं तरी कळत होतं.

शांतवनभाऊ कपबश्या घेऊन आले. मला कप देताना त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, “मॅडम, तुम्ही तर रोज वर्ग घेत होता. चौकशीला तुम्हाला बोलावलं असतं तर चार शब्द बोलला असता ना हिच्यासाठी?”

मी वर पाहिलं. साळवे सिस्टरांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

“त्यांना कुठं बोलावलं होतं,” त्या म्हणाल्या. “त्या रजेवर होत्या.”

“तरीच,” शांतवनभाऊ म्हणाले, आणि माझ्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली.

मी ती खाल्ली. चहाही प्याले.